कोणत्या कागदाच्या आधारे? विद्यापीठातल्या शब्दांविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही विद्यापीठाच्या कारभाराविषयी प्रश्न पाठवा असं सुचवलं होतं. पत्रं भरपूर आली. त्यातली निम्मी "हा शब्द म्हणजे नक्की काय?" अशीच होती. माझी नोकरी आधी परीक्षा विभागात आणि मग सभा विभागात गेली, त्यामुळे हे शब्द मला नवे नाहीत. पण खिडकीच्या पलीकडे उभं राहून ते कसे वाटतात हे पत्रांमधून कळलं. उत्तरं देताना महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा कायदा समोर धरला आहे. १ मार्च २०१७ पासून तो लागू आहे. मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर, नांदेड वगैरे आपली नेहमीची विद्यापीठं त्याखाली येतात. कृषी विद्यापीठं, नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ यांचे कायदे वेगळे आहेत, त्यांनी इथलं उत्तर तसंच्या तसं उचलू नये.

प्रश्न : मुलगी टीवाय बीकॉम पास झाली. निकालपत्रात एका विषयात ३७ च्या पुढे @ अशी खूण आणि ३ असा आकडा आहे. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, ही ग्रेसची खूण आहे, बँकेत नोकरी देत नाहीत. खरं आहे का? – एक आई, डोंबिवली

खूण ग्रेसचीच आहे, एवढं वहिनींचं बरोबर. पुढचं चूक.

मुंबई विद्यापीठात ग्रेसचे नियम अध्यादेशांमध्ये आहेत आणि त्यांचे क्रमांक तिथल्या कुठल्याही परीक्षा लिपिकाला तोंडपाठ असतात. ५०४२-ए म्हणजे पास होण्यासाठी मिळणारे गुण. शंभर मार्कांच्या पेपरला जास्तीत जास्त ३, पन्नासच्या आतल्या पेपरला २, आणि सगळे मिळून एकूण गुणांच्या एक टक्क्याच्या वर नाहीत. तुमच्या मुलीला ३७ होते, पासिंग ४० ला, ३ लागले, झालं. यासाठी अर्ज करावा लागत नाही आणि कुणाच्या पाया पडूनही ते मिळत नाहीत. हिशेबात बसलं की आपोआप बसतं.

आता वहिनींसाठी. ५०४३-ए हा अध्यादेश वरचा क्लास एक-दोन मार्कांनी हुकत असेल तर लागतो, आणि ५०४४-ए हा विषयातल्या डिस्टिंक्शनसाठी. खूण तीच, @. म्हणजे ज्या मुलाचे पेढे वाटले गेले त्याच्याही निकालात ती असू शकते. एकाच विषयात जरा जास्त मार्कांनी अडकलेल्यांसाठी ५०४५-ए आहे, त्याला 'कंडोनेशन' म्हणतात आणि त्यापुढे तारा (*) असतो. # दिसला तर तो २२९-ए. एनएसएस, एनसीसी, खेळ, विस्तार कार्य यांत भाग घेतलेल्यांना जे दहा मार्क मिळतात ते हे. मात्र हे आपोआप मिळत नाहीत. कॉलेजने नाव आणि दाखला वेळेवर पाठवावा लागतो, आणि दरवर्षी काही मुलांचे हे दहा मार्क कॉलेजच्या कपाटातच राहतात. मुलगी एनएसएसमध्ये होती का, ते तेवढं विचारून घ्या.

जुने निकाल त्या लांबच लांब, दोन्ही कडांना भोकं असलेल्या संगणकी कागदावर छापून यायचे. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत या सगळ्या खुणांचे अर्थ असत. झेरॉक्स काढताना तळ कापला जायचा, आणि मग लोक खुणांचे आपापले अर्थ लावायचे. वहिनींचा अर्थ बहुधा तिथूनच आला असावा. बँकेच्या जाहिरातीत पदवी मागितलेली असते. पदवीच्या प्रमाणपत्रावर @ नसतो.

(इतर विद्यापीठांत अध्यादेशांचे क्रमांक आणि ग्रेसचं गणित वेगळं असतं. तिथल्या मुलांनी आपल्या विद्यापीठाचं पाहावं.)

प्रश्न : मॅडम, मी पनवेलच्या एका कॉलेजात एसवायला आहे. कॉलेजने बोर्डावर लावलंय की ८० टक्के हजेरी नसेल तर हॉल तिकीट मिळणार नाही. खाली 'नियमानुसार' एवढंच लिहिलंय. माझी ७७ टक्के आहे. कुठला नियम? – एक विद्यार्थी

हा प्रश्न तू आम्हाला विचारलास तसाच कॉलेजच्या ऑफिसात विचार, लेखी. कोणत्या कागदाच्या आधारे?

विद्यापीठात कागदांनाही उतरंड असते. सगळ्यात वर कायदा, तो विधिमंडळाने केलेला. त्याखाली परिनियम, ते अधिसभा, म्हणजे सिनेट, करते आणि त्यांना कुलपतींची, म्हणजे राज्यपालांची, संमती लागते. त्याखाली अध्यादेश, ते रोजचे निर्णय घेणारी व्यवस्थापन परिषद करते, आणि विषय शिक्षणाचा किंवा परीक्षेचा असेल तर मसुदा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या विद्या परिषदेकडून येतो. पेपरात आपण 'राज्यपालांनी अध्यादेश काढला' असं वाचतो, त्याचा याच्याशी संबंध नाही. त्याखाली विनियम. परिपत्रक सगळ्यात खाली. कुणी तरी कुणाला तरी कळवलं, एवढंच त्याचं काम. परिपत्रकाने अध्यादेश बदलता येत नाही, आणि कॉलेजच्या बोर्डावरच्या नोटिशीने तर नाहीच नाही.

मुंबई विद्यापीठात हजेरीचा अध्यादेश ६०८६ आहे. त्यात सरासरी ७५ टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ५० टक्के असं आहे. आजारपणासारखं कारण असेल तर सवलतीची सोयही आहे. तुझी सरासरी ७७ आहे म्हणतोस. मग एखाद्या विषयात ५० च्या खाली नाहीस ना, ते पहिल्यांदा बघ. तिथे अडलास तर ८० ची नोटीस फाडूनही उपयोग नाही. तिथे नीट असशील, तर अर्जात अध्यादेशाचा क्रमांक घालून प्राचार्यांना दे. एक अपवाद: तुझं कॉलेज स्वायत्त असेल तर त्याचे स्वतःचे नियम असू शकतात. पण तेही त्यांच्या विद्या परिषदेने मंजूर केलेले हवेत, आणि ते दाखवा म्हणायचा तुला अधिकार आहे.

कधी कधी परिपत्रकात असं वाक्य दिसतं: "मा. कुलगुरू महोदयांनी कलम १२(७) अन्वये प्राप्त अधिकारात मान्यता दिली आहे." हे वाक्य दिसलं की थोडं थांबून वाचावं. तातडीची बाब असेल आणि सभेची वाट बघणं शक्य नसेल, तर कुलगुरूंनी त्या प्राधिकरणाच्या, म्हणजे ज्या परिषदेचा किंवा सभेचा तो विषय तिच्या, वतीने निर्णय घ्यावा, पण पुढच्या बैठकीत तो समोर ठेवावा, असं ते कलम सांगतं. प्राधिकरणाला पटलं नाही तर प्रकरण कुलपतींकडे जातं आणि त्यांचा शब्द शेवटचा. पूर, संप, साथ अशा वेळी या कलमाशिवाय विद्यापीठ चालणारच नाही. पण सभा विभागात बसून मी जे पाहिलं त्यावरून सांगते, तातडी कधी कधी आधी तीन महिने टेबलावर पडून असते. बैठकीच्या इतिवृत्तात 'अवगत झाले' एवढे दोन शब्द येतात आणि विषय संपतो. अधिसभेतल्या, परिषदेतल्या निवडून आलेल्या माणसांनी खरं तर याच दोन शब्दांवर बोट ठेवायला हवं.

प्रश्न : मी १९९१ ची पदवीधर. अधिसभेच्या निवडणुकीत मत द्यायला गेले तर यादीत नाव नाही. पदवी आहे, मग मत का नाही? आणि ही अधिसभा करते तरी काय? – एक वाचक, पुणे

पदवी असणं आणि 'नोंदणीकृत पदवीधर' असणं या दोन गोष्टी आहेत. निवडणुकीच्या आधी विद्यापीठ नोंदणीची मुदत जाहीर करतं. त्या मुदतीत अर्ज केला, तर नाव यादीत. आपोआप येत नाही. बहुतेक पदवीधरांना ही जाहिरात कधी येऊन गेली तेच कळत नाही. नोंदणी कोण करून घेतं? ज्यांना निवडणूक लढवायची असते त्यांचे कार्यकर्ते, गठ्ठ्याने. यात बेकायदा काही नाही, पण यादीत कोण असतं आणि कोण नसतं हे त्यावरून ठरतं.

नोंदणीकृत पदवीधरांतून दहा सदस्य निवडले जातात. त्यातल्या पाच जागा राखीव: अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला, प्रत्येकी एक. शिवाय शिक्षकांचे दहा, प्राचार्यांचे दहा, संस्थाचालकांचे सहा प्रतिनिधी निवडून येतात. बाकी बहुतेक पदसिद्ध आणि नामनिर्देशित.

काम काय? अंदाजपत्रक, वार्षिक अहवाल, लेखापरीक्षण अहवाल, परिनियम. आणि समाजाला विद्यापीठाकडून काय हवं आहे ते तिथे बोलणं. रोजचे निर्णय व्यवस्थापन परिषद घेते, अभ्यासक्रमाचे विद्या परिषद. अधिसभा वर्षातून किमान दोनदा भरते. तिथे वसतिगृहाच्या पाण्यापासून निकालाच्या घोळापर्यंत कशावरही प्रश्न विचारता येतो आणि प्रशासनाला उत्तर छापून द्यावं लागतं. या छापील उत्तरांची किंमत भाषणांपेक्षा जास्त. मी स्वतः ती तयार करणाऱ्यांपैकी होते, तेव्हा उत्तर किती जपून लिहिलं जातं ते ठाऊक आहे. "माहिती संकलित करण्यात येत आहे" असं आलं, तर समजावं की माहिती आहे.

प्रश्न : नांदेडच्या विद्यापीठातून बीएस्सी झालेल्या मुलीला पुण्याला एमएस्सीला प्रवेश मिळाला. तिथे टीसी, मायग्रेशन आणि एलिजिबिलिटी तिन्ही मागत आहेत. तिन्ही एकच नाहीत का? – एक वडील, लातूर

नाहीत. टीसी कॉलेज देतं: मुलगी इथून गेली, आमचं काही देणं नाही. मायग्रेशन, म्हणजे स्थलांतर प्रमाणपत्र, विद्यापीठ देतं: आमच्याकडची नोंद संपली, दुसऱ्या विद्यापीठाने घ्यायला हरकत नाही. त्याच विद्यापीठातल्या एका कॉलेजातून दुसऱ्यात गेलं तर टीसी पुरतो. विद्यापीठ बदललं की मायग्रेशन लागतं. आणि एलिजिबिलिटी, म्हणजे पात्रता, हे नवं विद्यापीठ ठरवतं: बाहेरून आलेल्या या मुलीची आधीची पदवी आम्हाला मान्य आहे.

गोची या तिसऱ्यात असते. प्रवेशाच्या वेळी पात्रता तात्पुरती मिळते, ती नंतर कायम करून घ्यायची असते. कॉलेज म्हणतं आम्ही कागद पाठवले, विद्यापीठ म्हणतं आले नाहीत, आणि हे सगळं उघडकीला येतं शेवटच्या सत्राच्या निकालाला. मुंबईच्या निकालपत्रात 'आरपीव्ही' अशी तीन अक्षरं दिसली की निकाल तात्पुरता आहे असं समजायचं. तेव्हा मायग्रेशनची मूळ प्रत देताना पोच घ्या, आणि पहिल्या सत्रातच पात्रता कायम झाली का ते विचारा. मूळ कागद दाखवून परत घ्यायचे असतात. प्रवेश रद्द केला तर ते अडवून ठेवायचे नाहीत, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ च्या फी परताव्याच्या अधिसूचनेतही सांगितलं आहे. त्याच अधिसूचनेत प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या पंधरा दिवस किंवा अधिक आधी प्रवेश सोडला तर पूर्ण फी परत, आणि तिथून पुढे ९०, ८०, ५० टक्के अशी उतरती भाजणी आहे. अंतिम तारखेनंतर तीस दिवस उलटले की काही नाही.

प्रश्न : आमच्या गावातल्या कॉलेजच्या फाटकावर '२(एफ) व १२(बी) मान्यताप्राप्त' असं लिहिलंय. शेजारच्या गावातलं 'स्वायत्त' आहे. आणि पेपरात 'अभिमत विद्यापीठा'ची पानभर जाहिरात. मुलाला कुठे घालू? – एक वाचक, संगमनेर

कुठे घालायचं ते मुलाला आणि खिशाला विचारा. पाट्यांचं मी सांगते.

२(एफ) आणि १२(बी) ही १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याची कलमं. पहिल्याने आयोगाच्या यादीत नाव येतं, दुसऱ्याने केंद्राचं अनुदान घेण्याची पात्रता. तुमच्या मुलाला वर्गात शिकवायला शिक्षक आहेत का, याच्याशी या पाटीचा संबंध नाही. स्वायत्त कॉलेज अभ्यासक्रम स्वतः आखतं, पेपर स्वतः काढतं, तपासतं. पदवी मात्र ज्या विद्यापीठाला ते संलग्न आहे त्याच्याच नावाने मिळते, कॉलेजचं नाव त्यावर असतं. अभिमत विद्यापीठ त्याच कायद्याच्या कलम ३ खाली केंद्र सरकार जाहीर करतं, आणि ते स्वतःची पदवी देतं. पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट, मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था या अभिमतच. त्याच यादीत भरमसाट फीवाल्याही आहेत. तेव्हा नुसत्या शब्दावर काही ठरवू नका. नावात नुसतं 'युनिव्हर्सिटी' लावायला अभिमत संस्थांना २०१७ पासून बंदी आहे. जाहिरातीत ते 'अभिमत' कुठल्या कोपऱ्यात, केवढ्या अक्षरांत छापलंय तेवढं बघा.

प्रश्न : मुलगा नेट झालाय, पीएचडी आहे. एका अनुदानित कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. लग्न जमवताना 'प्राध्यापक' सांगावं की नाही यावर घरात वाद आहे. – एक आई, परभणी

लग्नाचा सल्ला या सदरात बसत नाही, पण तुमच्या पत्रावर जास्त वेळ थांबले.

तासिका तत्त्व, म्हणजे सीएचबी: जितके तास घेतले तितक्याचे पैसे. सुट्टीचे नाहीत, परीक्षेच्या काळातले नाहीत, भविष्य निर्वाह निधी नाही. कायम सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास शिकवण्याचा 'कार्यभार' असतो. पद रिकामं राहिलं की तो कार्यभार तासिकावाल्यांत वाटला जातो. म्हणजे काम आहे, विद्यार्थी आहेत, वेळापत्रकात नाव आहे, फक्त पद भरलेलं नाही. पद भरायला आधी शासनाची परवानगी, मग 'बिंदुनामावली' म्हणजे आरक्षणाचा क्रम मागासवर्ग कक्षाकडून तपासून घेणं, मग सहसंचालक कार्यालयाची ना हरकत, जाहिरात, निवड समिती, विद्यापीठाची मान्यता. यातली प्रत्येक पायरी योग्य आहे. बिंदुनामावली नसती तर राखीव जागा कधी भरल्याच गेल्या नसत्या. पण सगळ्या पायऱ्या चढेपर्यंत मुलांची उमेदीची वर्षं जातात, आणि यात गैर काही चाललंय असं कुठल्याच टेबलाला वाटत नाही. कारण प्रत्येक टेबलावर फाईल नियमानेच थांबलेली असते.

मुलाला एक सांगा. दरवर्षीच्या नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता येते, त्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख असलेली प्रत स्वतःकडे ठेवायची. कॉलेजचं नुसतं अनुभवाचं पत्र मुलाखतीच्या वेळी छाननीत टिकतंच असं नाही. आणि तो शिकवतो, मुलं त्याला सर म्हणतात. प्राध्यापक म्हणा की खुशाल.

प्रश्न : मुलगा सहाव्या सत्राच्या सगळ्या विषयांत पास आहे, तरी निकालापुढे 'आरएलई' आहे. कॉलेज म्हणतं विद्यापीठात जा, विद्यापीठ म्हणतं कॉलेजमधून या. – एक वाचक, ठाणे

आरएलई म्हणजे खालच्या परीक्षेसाठी राखून ठेवलेला निकाल. एटीकेटीवर पुढे गेलेल्या मुलांचं हे होतं. तिसऱ्या किंवा चौथ्या सत्रातला विषय राहिला असेल तर तो सुटेपर्यंत वरचा निकाल लागत नाही. राहिलेला असेल तर परीक्षा द्यायची, दुसरा मार्ग नाही.

पण बऱ्याचदा विषय सुटलेला असतो आणि त्याचे मार्क जुन्या नोंदीत चढलेले नसतात. विशेषतः जे पेपर कॉलेजच घेतं त्यांचे. मग जबाबदारी कॉलेजची. मुलाने सगळ्या सत्रांच्या मार्कशीट लावून, पीआरएन (कायम नोंदणी क्रमांक) आणि आसन क्रमांक घालून प्राचार्यांना अर्ज द्यावा, आणि कॉलेजने तो शिफारशीसह परीक्षा विभागाकडे पाठवावा. जावक क्रमांक मागून घ्या. तो क्रमांक सांगितला की विद्यापीठातल्या माणसाला 'आलंच नाही' म्हणणं अवघड जातं. मार्कांबद्दलच शंका असेल तर उत्तरपत्रिकेची प्रत मागता येते. परीक्षार्थीला स्वतःची उत्तरपत्रिका बघण्याचा हक्क आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये दिलेला आहे.

एवढं करूनही हललं नाही, तर कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी तक्रार करा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांप्रमाणे समितीला पंधरा कामकाजाचे दिवस आहेत. तिचा निर्णय पटला नाही तर पुढच्या पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील, आणि त्यांनी तीस दिवसांत निकाली काढायचं. लोकपालाचं नाव विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असायला हवं. सापडलं नाही तर कुलसचिवांच्या नावे एक ओळीचा अर्ज करून विचारा, आणि त्याही अर्जाची पोच घ्या.